धीर आणि पदक

गेल्या २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपल्यावर मी नेहमीप्रमाणे मुलांसमोर बोलायला उभा राहिलो. मुख्याध्यापकाच्या वाट्याला अशी भाषणे वर्षातून चार-पाच वेळा येतात, आणि तीस वर्षे शिकवण्यात घालवल्यावर ती बहुतेक पाठच झालेली असतात. आमची शाळा बेळगावपासून फार दूर नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे आमच्याकडे दर गल्लीत एखादे तरी घर माजी सैनिकाचे असतेच. अशा गावात शौर्यावर बोलणे सोपे, असा माझा आजवरचा समज होता.

त्या दिवशी मी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची कथा सांगितली. राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. परमवीरचक्राचे जिवंतपणी मानकरी ठरलेल्या पहिल्या वीरांपैकी एक. मुले मन लावून ऐकत होती. भाषण संपवून ‘जय हिंद’ म्हणणार, तोच नववीतील एका मुलीने हात वर केला.

“सर, माझे आजोबापण लढाईत होते. त्यांना असलं पदक मिळालेलं नाही. मग ते शूर नव्हते का?”

मागच्या रांगेतली मुले हसली. मी म्हणालो, “तसं नाही बाळ, सगळेच सैनिक शूर असतात. बस खाली.” ती बसली. पण तिचे समाधान झालेले नाही हे मला दिसत होते, आणि घरी जाताना लक्षात आले की माझेही झालेले नाही. सगळेच सैनिक शूर असतील तर निवडक लोकांना पदक कशासाठी? आणि पदकाला काही अर्थ असेल, तर सगळेच शूर कसे? एका चौदा वर्षांच्या मुलीने खरा प्रश्न विचारला होता आणि एम.ए. झालेल्या मुख्याध्यापकाने तिला गुळमुळीत उत्तर देऊन खाली बसवले होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

प्रथम राणे यांची कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण माझ्या भाषणात तिचा गाभाच राहून गेला होता.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्स या पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले. म्हणजे ज्या कामगिरीमुळे आज आपण त्यांना ओळखतो, त्या वेळी ते अधिकारी होऊन जेमतेम चार महिने झाले होते. मात्र हाताला सवय आठ वर्षांची होती. सॅपर म्हणजे लष्करातला कारागीर. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग पेरायचे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे, हे त्याचे काम.

१९४८ च्या एप्रिलमध्ये जम्मू भागातील नौशेराहून राजौरीकडे आपली फौज निघाली. रस्ता डोंगराळ. शत्रूने जागोजागी सुरुंग पेरलेले, झाडे आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या. हा रस्ता मोकळा केल्याशिवाय रणगाडे पुढे जाणार नव्हते, आणि रणगाड्यांवाचून राजौरी हाती येणार नव्हती. हे काम राणे आणि त्यांच्या तुकडीकडे होते.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास, काम सुरू होण्यापूर्वीच, शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्या माणसांची फेरजुळणी केली आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रा पलटणीने बरवालीची टेकडी जिंकली. शत्रू पूर्णपणे हटलेला नव्हता, तरी राणे माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणू लागले. रात्री दहापर्यंत हे चालले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला. मग पुढच्या गाडीत बसून निघाले, तर अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी. ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे. तीही उडवली. पुढे मोरी उद्ध्वस्त केलेली. समोरून मशीनगन सुरू असताना तिला वळसा घालणारी वाट केली. सायंकाळी सव्वासहाला पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला. भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा पहारा. अंधार पडला म्हणून वरिष्ठांनी पथकाला मुक्काम करायला लावला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच अडथळ्यापाशी हजर. साडेसहापर्यंत तो दूर झाला. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी आणि ढासळलेल्या कडांनी भरलेले होते. साडेदहाला तेही मोकळे झाले.

आता यापुढचा भाग मी माझ्या भाषणात गाळला होता. रणगाड्यांना पुढे तावी नदीचे पात्र सापडले. ते रस्ता सोडून पात्रातून निघाले आणि दुपारी दोनला चिंगस येथे पोहोचले. युद्धकथा म्हणून पाहिले तर राणे यांचे काम इथे संपले. रणगाडे गेले होते. पण राणे थांबले नाहीत. मागून अन्नधान्य, दारूगोळा, औषधे घेऊन गाड्या येणार होत्या. त्या नदीच्या पात्रातून जाऊ शकणार नव्हत्या. त्यांच्यासाठी रस्ता हवाच होता. म्हणून हा जखमी माणूस अन्न आणि विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिला. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात केली आणि अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्रीही दहापर्यंत पुढचे काम चालूच होते. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली.

मी हा भाग का गाळला? कारण त्यात ‘थरार’ नाही, असे मला वाटले. आज वाटते, शौर्याविषयी काही शिकायचे असेल तर ते इथेच आहे.

आपली सर्वसाधारण कल्पना अशी असते की शौर्य म्हणजे एक उसळी. रक्त तापते, माणूस देहभान विसरतो आणि पुढे झेपावतो. अशी उसळी असते, आणि तिची थोरवी मी नाकारत नाही. मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले, आणि मग परतून एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे निकामी केले. ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण सुरुंग काढणारा माणूस उसळून चालत नाही. तापलेल्या रक्ताने त्याचा हात थरथरला तर सगळेच संपले. त्याला एकेक वीत जमीन चाचपायची असते, आणि आपल्या हाताखाली काय आहे हे त्याला पूर्णपणे ठाऊक असते.

आणि तसली उसळी असलीच, तरी ती एका दिवसाची. ८ तारखेची कामगिरी आपण आवेशाच्या खाती मांडू शकतो. साथीदार डोळ्यांदेखत पडले होते. पण ९ तारखेला पहाटे सहाला उठताना कुठला आवेश? रात्रीतून जखम ठणकू लागलेली असते. काल काय घडले ते आठवत असते, आज काय घडू शकते हे समजत असते. म्हणून मला वाटते, शौर्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. पहिल्या दिवशी माणसाला प्रसंग ओढून नेतो. दुसऱ्या दिवशी माणसाला स्वतःहून जावे लागते.

आपल्या भाषेला ही गोष्ट फार पूर्वी कळलेली दिसते. धाडस, शौर्य, हिंमत आणि धीर हे चार शब्द आपण एकाच माळेत ओवतो, पण ते सारखे नाहीत. धाडस चोरही करतो. भिंत फोडून परक्याच्या घरात शिरायला धाडस लागतेच. ‘धीर’ हा शब्द मात्र चोराला लावताना जीभ अडखळते. गंमत अशी की भीतीसमोर टिकण्याला आपण धीर म्हणतो आणि वाट पाहण्यालाही धीरच म्हणतो. ताप उतरत नसलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला आपण ‘धीर धर’ म्हणतो. लढणाऱ्या सैनिकालाही तेच म्हणतो. शिवाय धीर ही अशी वस्तू आहे की ती दुसऱ्याला देता येते. ‘त्याने मला धाडस दिले’ असे कुणी म्हणत नाही, पण ‘त्याने मला धीर दिला’ असे आपण रोज म्हणतो. राणे यांनी त्या चार दिवसांत जे दाखवले त्याला माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द हाच आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे, आणि तिचा आरंभच ‘अभय’ या गुणाने होतो. विद्यार्थी असताना मी त्याचा अर्थ ‘भीती नसणे’ असा घेत असे. आता वाटते, भीती वाटणे हे डोळे असण्यासारखे आहे. ज्याला धोका दिसतो त्याला भीती वाटणारच. सुरुंग ठाऊक नसलेले पोर त्या रस्त्यावरून उड्या मारत गेले असते, पण त्याला आपण शूर म्हटले नसते. ॲरिस्टॉटलने धैर्याला भेकडपणा आणि अविचारी बेफिकिरी यांच्या मधली जागा दिली, ती याच कारणाने. भीती असावी, पण निर्णयाचा अधिकार तिच्याकडे नसावा, इतकाच अभयाचा अर्थ मला आज कळतो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळतो, पण त्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे. शौर्यावर लेख लिहिणाऱ्याने स्वतःचा हिशेब लपवू नये.

मी नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तिथे माझे एक सहकारी होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, गणित शिकवणारे. परीक्षेच्या पैशांत तफावत निघाली आणि ठपका त्यांच्यावर आला. पैसे त्यांच्या हाती कधी गेलेच नव्हते, हे मला माहीत होते. ज्या दिवशी ते मोजले गेले त्या दिवशी मी त्याच खोलीत होतो. शनिवारी दुपारी शिक्षकांच्या सह्यांसाठी एक कागद फिरवण्यात आला. त्यात त्यांच्याविरुद्ध मजकूर होता. कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी गडबडून म्हणालो, “सोमवारी देतो.”

मला दोन रात्री मिळाल्या. पहिल्या दिवशीची माझी गडबड कुणीही समजून घेईल. पण रविवार पूर्ण माझा होता. मी विचार केला. नोकरी अजून पक्की झाली नव्हती, धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते, आणि माझ्या एकट्याच्या नकाराने काय फरक पडणार होता? सोमवारी सकाळी मी सही केली. शाई झरत होती, अक्षर मात्र नेहमीसारखेच सुवाच्य आले. ते सहकारी वर्षअखेर शाळा सोडून गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटले. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, जेवायला शेजारी बसवून घेतले. त्या कागदाबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. बोलायची ती माझी दुसरी संधी होती, तीही गेली. आता ते हयात नाहीत.

माझ्यापुढे सुरुंग नव्हते, मशीनगन नव्हती. एक कागद होता आणि हातात पेन. म्हणून ९ एप्रिलच्या त्या पहाटेविषयी मी लिहितो तेव्हा ते पुस्तकी कौतुक नसते. दुसऱ्या दिवशी माणूस काय करतो यावर सगळे ठरते, हे मी उलट्या बाजूने शिकलो आहे.

तर आता प्रश्न पदकाचा. शौर्य असे मनाच्या आत घडत असेल, तर ते बाहेरून मोजायचे कसे?

ग्रीसचा सॉक्रेटिस आपल्याला तत्त्वज्ञ म्हणून ठाऊक आहे, पण तो सैनिकही होता. पोटिडियाच्या लढाईत आल्सिबायडीस नावाचा श्रीमंत घरचा तरुण जखमी होऊन पडला. सॉक्रेटिसने त्याला सोडले नाही. त्याला आणि त्याच्या शस्त्रांना वाचवून आणले. लढाईनंतर शौर्याचा मान मिळाला तो मात्र आल्सिबायडीसला. प्लेटोने लिहून ठेवले आहे की हे खुद्द आल्सिबायडीसनेच पुढे कबूल केले. तो सेनापतींना सांगत होता की मान सॉक्रेटिसला द्या; सेनापतींचा ओढा मोठ्या घराण्याकडे होता, आणि मान त्या तरुणालाच मिळावा असा आग्रह सेनापतींपेक्षाही सॉक्रेटिसचाच अधिक होता. याच प्लेटोच्या दुसऱ्या एका संवादात लॅकीस आणि निसियस हे दोन नामांकित सेनापती सॉक्रेटिसपुढे बसून ‘धैर्य म्हणजे काय’ याची व्याख्या करू पाहतात आणि दोघेही हरतात. एक म्हणतो, आपली जागा न सोडणे. दुसरा म्हणतो, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये याचे ज्ञान. संवाद संपतो तेव्हा व्याख्या हाती आलेली नसते. आयुष्यभर लढाया लढलेल्या सेनापतींना जी सापडली नाही, ती पदक देणाऱ्या समितीला नेमकी सापडते असे मानण्याचे कारण नाही.

शिवाय पदकाला साक्षीदार लागतो. कुणीतरी पाहिलेले असावे लागते, पाहणारा जगलेला असावा लागतो, आणि त्याने ते लिहून वर पाठवावे लागते. राणे यांचे तासन्‌तासाचे काम आपल्याला कळते, कारण ते कुणीतरी वेळेसह नोंदवले. ज्या खंदकातून एकही माणूस परतला नाही, तिथे काय घडले याची नोंद कोण करणार? आणि राणे यांच्याच तुकडीतले ते दोघे? ८ तारखेला काम सुरू होण्याआधीच ते गेले. त्यांना आपला धीर दाखवायला दुसरा दिवस मिळालाच नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची नावे नाहीत. ते राणे यांच्यापेक्षा कमी होते, असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

मग पदक निरर्थक आहे का? तसेही नाही. परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. त्या मूळच्या स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून इथल्या झाल्या, संस्कृत आणि पुराणे अभ्यासून इथल्या मातीत रुजल्या. त्यांनी या पदकावर इंद्राचे वज्र कोरले. एक नव्हे, चार. वज्र आले कुठून? दधीची ऋषींच्या अस्थींतून. देवांना शस्त्र हवे होते आणि दधीचींनी आपला देह ठेवला. पदक साध्या काशाचे आहे; सोन्याचे नाही, चांदीचे नाही. मोबदला द्यायचा असता तर सोने निवडले असते. माझ्या मते हा मोबदला नव्हेच, ही कर्जाची कबुली आहे. ‘तुझ्याकडून आम्ही इतके घेतले आहे की ते परत करता येणार नाही’ असे समाज त्यात सांगतो. आजवर एकवीस जणांना हे पदक मिळाले, त्यांपैकी चौदा जणांना मरणोत्तर. आता सावकारांची नावे वहीत लिहिताना एकवीस लिहिली म्हणून कर्ज एकवीस जणांचेच आहे, असे होत नाही. वहीत मावली तेवढी नावे लिहिली गेली.

इथे आमच्या शिक्षकखोलीतला एक प्रसंग आठवतो. राणे यांची तसबीर लावायची ठरले आणि खाली नाव कोणत्या लिपीत, यावर वाद सुरू झाला. एक सहकारी म्हणाले, कारवार कर्नाटकात, तेव्हा कन्नड. दुसरे म्हणाले, राणे जन्मले तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होते, १९५६ नंतर ते म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा मराठी. कारवारकडून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारले की चेंडियात घरोघरी कोकणी बोलतात, तिचे काय? मी स्वतः मराठीचा अभिमानी माणूस आहे. भाषेसाठी आमच्या पिढ्यांनी काय सोसले ते मला कुणी सांगायला नको. तरी त्या दिवशी मनात आले, सगळ्यांना राणे ‘आमचे’ हवे आहेत, पण त्यांच्यासारखे पहाटे पावणेपाचला उठून दुसऱ्यासाठी रस्ता करायला आपल्यातला कोण तयार आहे? माझ्या अंगी नसलेला गुण माझ्या गावच्या माणसात होता, म्हणून तो माझा होत नाही. तसबिरीखाली आम्ही शेवटी दोन्ही लिप्यांत नाव लिहिले. तिसरी भाषा दोन्हींत वाचता येते, असे बाई हसून म्हणाल्या.

एवढा विचार झाल्यावर मला कळले की त्या मुलीला मी दिलेले उत्तर नुसते अपुरे नव्हते, ते खोटे होते. ‘सगळेच शूर’ म्हणणे म्हणजे कुणाकडेच नीट न पाहणे. तिला खरे उत्तर हे द्यायला हवे होते : “तुझे आजोबा शूर होते की नाही हे पदकावरून सांगता येणार नाही. मला ते ठाऊक नाही. आपण त्यांना विचारू या.”

तसेच केले. एका रविवारी तिच्या घरी गेलो. आजोबा पंचाहत्तरीचे, गावात त्यांना हवालदार म्हणूनच ओळखतात. १९७१ च्या युद्धात ते लष्करी गाडी चालवत होते. चहा झाला. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी विचारले, “हवालदारकाका, लढाईत तुमचं काम काय होतं?”

“काम कसलं वो सर. गाडी. रात्री दारूगोळा न्यायचा, रेशन न्यायचं, येताना जखमी आणायचे. दिवे बंद. पुढच्या गाडीच्या मागं एक बारीक उजेड असतोय, तेवढा बघत जायचं.”

“भीती वाटायची का?”

ते थोडे थांबले. “वाटायची की. का वाटू नये? एकदा पुढची गाडी उडाली. त्यात आमच्या बॅरेकीतला पोरगा होता. त्या रात्री वाटलं, आता बास. पण माझ्या मागं पंधरा-वीस गाड्या होत्या. मी थांबलो असतो तर मागचं सगळं थांबलं असतं. मग बाजूनं काढली गाडी.”

“आणि दुसऱ्या दिवशी?” माझ्या तोंडून निघून गेले.

त्यांना प्रश्नाचे नवल वाटले. “दुसऱ्या दिवशी परत. रेशन रोजच लागतंय की, सर.”

मुलगी हे पहिल्यांदाच ऐकत होती. घरात कधी कुणी विचारलेच नव्हते, आणि विचारल्याशिवाय सांगण्याची त्यांना सवय नव्हती. तिने आत जाऊन वही आणली आणि आजोबांना त्या पुढच्या गाडीतल्या मुलाचे नाव विचारले. त्यांनी सांगितले. गावाचे नावही सांगितले. तिने ते लिहून घेतले. आजोबा वहीकडे बघत होते, म्हणाले, “आडनाव नीट लिही गं, लोक चुकतात.”

परतताना मला राणे यांच्या १० एप्रिलच्या दुपारची आठवण झाली. रणगाडे नदीच्या पात्रातून पुढे निघून गेल्यावर ते कुणासाठी रस्ता करत राहिले होते? अशाच गाड्यांसाठी. अशाच एखाद्या दिवे बंद केलेल्या गाडीच्या चालकासाठी, ज्याला पदक मिळणार नव्हते आणि ज्याच्याविषयी नातीने विचारेपर्यंत घरालाही काही कळणार नव्हते. शूरांतला एक माणूस दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करत होता. त्या वाटेवर पदक मिळालेला आणि न मिळालेला असा भेद त्याने केलेला दिसत नाही.

राणे पुढे मेजर झाले, आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. पुढच्या वर्षी शाळेची सहल तिकडे न्यायचा विचार आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीतल्या एका माजी सैनिकाकडे जाऊन ‘तुम्ही दुसऱ्या दिवशी काय केले’ एवढे विचारून यायचे, असे ठरवले आहे.

मी मात्र माझ्या त्या सहकाऱ्यांच्या घरी जायचे ठरवतो आहे. ते नाहीत, पण त्यांचा मुलगा आहे, आणि आपल्या वडिलांनी ते पैसे घेतले नव्हते हे त्याला कुणीतरी, त्या खोलीत हजर असलेल्या माणसाने, सांगायला हवे. उशीर पुष्कळ झाला आहे. याला शौर्य म्हणता येणार नाही. पण दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस त्यासाठी मी वहीत लिहून ठेवला आहे, आणि तो दिवस उजाडेल तेव्हा ‘सोमवारी बघू’ असे म्हणायचे नाही, इतका धीर तरी मला मिळावा.